गणपती उठले की सुरुवात : मदतीसाठी हाफ मॅरेथॉन धावायची तयारी

बडोद्यातली मॅरेथॉन थंडीत असते. म्हणून अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून आलं की पुढच्याच आठवड्यात तयारीला लागायचं; हातात सोळा-सतरा आठवडे मिळतात. रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या, पण शाळा सुटल्यापासून कधी न धावलेल्या माणसासाठी मी हे लिहिते आहे, आणि तेही 21.1 किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनबद्दल. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. ती पुढच्या वर्षी. धावून एखाद्या संस्थेसाठी देणग्या जमवायच्या म्हणून पहिल्याच वर्षी पूर्ण मॅरेथॉनला नाव देऊन नोव्हेंबरात गुडघा धरून बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या.

आधी संस्था, मग बूट

मी एका लहानशा अन्नछत्रासाठी धावते. दवाखान्यात दाखल असलेल्या, बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना तिथून दुपारचा डबा जातो. कुणाकडेही पैसे मागण्याआधी मी तिथे चार शनिवार पोळ्या लाटल्या. तुम्हीही निवडलेल्या संस्थेत आधी थोडं काम करा. छोटाउदेपूरकडून आलेल्या एक आजी रोज डबा लखलखीत घासून परत आणून द्यायच्या. सतराव्या किलोमीटरला पाय शिशासारखे होतात तेव्हा ‘समाजकार्य’ हा शब्द आठवून काही होत नाही. मला तो डबा आठवतो आणि पाय उचलतात.

पैशांचं काम नीट समजून घ्या. संस्थेला 80जी ची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता आहे का ते विचारा. असेल तर देणगीदाराला पावतीबरोबर पुढे 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्रही मिळायला हवं. रोख 2000 रुपयांपेक्षा जास्त दिले तर करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. हे देणाऱ्याला आधीच सांगून टाका. बडोद्यात घरटी कुणीतरी अमेरिकेत असतं, म्हणून आणखी एक गोष्ट. भारतीय पासपोर्ट असलेला भाचा त्याच्या बँक खात्यातून देणगी देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे मात्र परदेशी देणगी ठरतात, आणि ते घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ते पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यावर मागवून पुढे देणं हा मार्ग नाही.

देणगी एकरकमी मागण्यापेक्षा सरावाला जोडा. मी बारा जणांकडून दर रविवारच्या धावेला किलोमीटरमागे 10 रुपये कबूल करून घेतले. दीडशे किलोमीटरचे 18,000 रुपये झाले. रविवारी दुपारी बाराच्या आत सगळ्यांना आकडा कळवायचा. बारा माणसं वाट बघत असली की पांघरूण आपोआप बाजूला होतं.

आठवड्याची घडी

मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा तास, रविवारी लांब धाव, आणि एक दिवस पायांच्या ताकदीचा. ताकदीसाठी जिमच हवी असं नाही. प्रोफेसर माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात बैठका कुणाला शिकवायला नकोत! पंधराच्या तीन फेऱ्या आणि पायरीवर टाचा उचलणं, एवढं पुरे.

पहिला महिना दोन मिनिटं धावा, एक मिनिट चाला. वेग किती? धावताना तेराचा पाढा मोठ्याने, न अडखळता म्हणता आला पाहिजे. धाप लागून पाढा तुटला की वेग जास्त झाला. नव्या माणसाच्या बहुतेक दुखापती घाईतून येतात.

रविवारची अंतरं किलोमीटरमध्ये अशी चढवा : 4, 5, 6, मग उतरून 5, त्यानंतर 7, 8, 10, उतरून 7, मग 11, 12, 14, उतरून 10, शेवटी 16, 18, 12 आणि शर्यतीच्या आधीच्या रविवारी 8. दर चौथ्या आठवड्याची उतरण टाळू नका, कारण स्नायू आणि सांधे त्या विश्रांतीत सावरतात. पहिली उतरण साधारण नवरात्रात येते, ते बरंच आहे. दोन-तीन तास गरबा खेळलात तर तो पायांचा व्यायामच झाला. त्या आठवड्यात गुरुवारची धाव सोडा. रात्री एकला झोपून पहाटे लांब धावायला जाऊ नका.

ऑक्टोबरचं ऊन वाईट, तेव्हा साडेपाचला निघून सातच्या आत घरी. छोट्या धावेला कमाटीबाग उत्तम. आपलं गाव सपाट, त्यामुळे चढाची सवय अकोटा-दांडिया बाजार पुलावर करायची. रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, अंगात उजळ रंगाचा शर्ट ठेवा. विश्वामित्रीच्या काठाशी उतरू नका, तिथे मगरी आहेत.

अवघड दिवस

अवघड धाव शनिवारी रात्रीच अर्धी सोपी करता येते. कपडे, बूट, पाण्याची बाटली उशाशी. सोबत ठरलेली, वेळ ठरलेली. मी आणि शेजारच्या बेन बागेच्या फाटकाशी भेटतो; उशीर झाला तर फोन करायचा नाही, दुसरीने निघायचं, असा आमचा नेम आहे.

तरीही मन नको म्हणत असेल तर दहा मिनिटं धावा. परत फिरायची मुभा दहा मिनिटांनंतर. मी आजवर दोनदाच परत फिरले, आणि दोन्ही वेळा अंगात ताप होता.

कंटाळ्याच्या दिवशी बागेत फेऱ्या मारू नका. प्रत्येक फेरीला फाटक दिसतं आणि फाटकाबाहेर घर. त्यापेक्षा सरळ एका दिशेने निम्मं अंतर जा. परत यावंच लागतं. खिशात रिक्षापुरते शंभर रुपये ठेवा, ते फक्त खऱ्या अडचणीसाठी.

14 किलोमीटरच्या रविवारी नवव्या किलोमीटरला माझ्या कुशीत कळ आली. पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले, रडू येत होतं. बेन म्हणाल्या, “धीमे धीमे, पण ऊभां नथी रहेवानुं.” हळूहळू, पण उभं राहायचं नाही. पाच मिनिटं चाललो. मग तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, असं करत उरलेलं अंतर संपवलं. तेव्हापासून मी प्रत्येक किलोमीटर एकेका देणगीदाराच्या नावे करते. दहावा आत्याचा, अकरावा मुलीच्या वर्गशिक्षिकेचा. एका वेळी एकाच माणसाला घरी पोचवायचं असतं.

थकवा आणि दुखापत मात्र वेगळी ओळखा. दोन्ही मांड्या जड होणं हा थकवा. एकाच जागी टोचणारं, पावलागणिक वाढणारं, चाल बदलायला लावणारं दुखणं ही दुखापत, तिथेच थांबा. छातीत दाब, चक्कर, उन्हात घाम येणं बंद होऊन भ्रम झाल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर थांबून लगेच मदत मागा. देणगीदारांना तसं कळवण्यात लाज नाही.

खाणं-पिणं

दीड तासापेक्षा लांब धाव असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. मी खजूर आणि चिक्कीचे तुकडे नेते. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. तहान लागेल तसं प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटून जिवावर बेततं. जे शर्यतीत खाणार, ते रविवारी खाऊन बघितलेलं असू द्या.

उत्तरायण आणि शर्यत

13 ते 16 जानेवारी, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, रस्त्यावर धावू नका. मांजा गळ्याला कापतो, आणि पडलेला दोरा पायात गुंततो. शर्यत जवळ आलेली असते, शरीराला विश्रांती हवीच असते. घरी बैठका मारा. उंधियू खा, फक्त शर्यतीच्या आदल्या रात्री नको.

शर्यतीत पहिले तीन किलोमीटर पाढ्याच्या वेगाने. लोक पुढे जातील, जाऊ द्या. पंधराच्या पुढे नावं मोजायला लागा.

संध्याकाळी सगळ्यांना हिशेब पाठवा : किती जमले, संस्थेच्या खात्यात कधी गेले, पावत्या कधी येतील. मग आठवडाभर फक्त चाला. शनिवारी पोळ्या लाटायला बसूनच घेते, पाय दुखत असतात.