हायडन-मोझार्ट ऐकायला घेताय? मग या चुका टाळा

पाश्चात्त्य अभिजात संगीतातले हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हेन नव्याने ऐकायला घेणाऱ्याची गाडी सुरांवर फारशी अडत नाही. अडते ती त्यांच्याभोवतीच्या गोष्टींवर. सिनेमे, चरित्रकथा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड यांतून आपल्या डोक्यात एक चित्र तयार असतं: एकाकी, कफल्लक, कुणापुढे न झुकणारा प्रतिभावंत. हे चित्र बरंचसं एकोणिसाव्या शतकाने रंगवलेलं आहे. साधारण १७५० ते १८२० हा काळ वेगळ्याच हिशेबावर चालत होता. रचना कोणतीही असो, पैसे कोणी दिले, वाजली कुठे आणि ऐकायला कोण बसलं होतं, एवढं विचारलं तरी निम्मा गुंता सुटतो.

सगळं एकाच टोपलीत टाकणं

बाख, मोझार्ट आणि चायकोव्हस्की एकाच प्लेलिस्टमध्ये असतात, म्हणून ते एकाच काळातले ठरत नाहीत. बाख १७५० मध्ये वारला, तेव्हा मोझार्टचा जन्मही झाला नव्हता. चायकोव्हस्की जन्मला १८४० मध्ये, म्हणजे बेथोव्हेन जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. कान तयार करायचा तर काही आठवडे फक्त हायडन, मोझार्ट आणि तरुण बेथोव्हेन ऐका. आणि अ‍ॅपवरचं शफल बंद ठेवा. चार भागांच्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, तिसरा भाग आधी आणि पहिला नंतर वाजला, तर रचनाकाराने बांधलेला डाव तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

दरबारी संगीतकार म्हणजे एक तर गुलाम, नाहीतर राजाचा लाडका

हायडनचा करारच वाचावा. १ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या हंगेरीतल्या बड्या सरदार घराण्याने त्याला दुय्यम कपेलमाइस्टर, म्हणजे दरबारी वाद्यवृंदाचा दुय्यम प्रमुख, म्हणून नेमलं. पगार वर्षाला ४०० फ्लोरिन (तिथलं तेव्हाचं चलन). गणवेश सक्तीचा: पांढरे मोजे, पांढरा सदरा, पावडर लावलेले केस किंवा टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर त्याने बाहेरच्या दालनात हजर राहायचं आणि आज संगीत हवं आहे का, ते विचारायचं. वादकांची भांडणं मिटवायची, वाद्यांची आणि वह्यांची निगा राखायची. खरी मेख पुढे आहे. लिहिलेलं सगळं मालकाच्या, म्हणजे प्रिन्स एस्टरहाझीच्या मालकीचं. नक्कल कुणाला द्यायची नाही आणि परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी काही रचायचंही नाही.

एवढ्यावरून त्याला नोकर म्हणून मोकळं होऊ नका. त्याच करारात त्याचा दर्जा घरातल्या अधिकाऱ्याचा आहे. हाताशी कायमचा वाद्यवृंद होता, सुचेल ते दुसऱ्या दिवशी वाजवून बघता येत होतं. जगापासून लांब राहिल्यामुळे मला स्वतःची वाट काढणं भागच पडलं, अशा अर्थाचं तो म्हातारपणी आपल्या चरित्रकाराला म्हणाला होता. १७७९ च्या नव्या करारातून मालकीची अट गेली आणि हायडन व्हिएन्नातल्या आर्तारियासारख्या प्रकाशकांना रचना विकू लागला. माझ्या मते त्या काळातला सर्वांत महत्त्वाचा बदल कुठल्या सिम्फनीत शोधण्यापेक्षा या गाळलेल्या कलमात शोधावा.

प्रिन्सशी बोलायची त्याची रीतही बघण्यासारखी आहे. १७७२ मध्ये प्रिन्सचा एस्टरहाझा राजवाड्यातला मुक्काम लांबत चालला होता आणि वादकांच्या बायकामुलांना तिथे राहायची परवानगी नव्हती. हायडनने ४५ व्या सिम्फनीचा शेवट असा रचला की एकेक वादक आपलं काम संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी उरतात दोन व्हायोलिन. प्रिन्सला काय समजायचं ते समजलं आणि लगेच मुक्काम हलवायचा हुकूम सुटला, असं सांगतात. ही सिम्फनी नुसती कानांनी ऐकणं ही चूकच. मंचावरून खरोखर उठून जाणाऱ्या वादकांचं चित्रीकरण शोधून बघा.

मोझार्टला भिकाऱ्यासारखं पुरलं, सालिएरीने विष दिलं

सालिएरी हा व्हिएन्नातलाच दरबारी संगीतकार. विषाची अफवा जुनी आहे, रशियन कवी पुश्किनच्या १८३० च्या नाटिकेने ती अजरामर केली. पुरावा काही नाही. उलट याच सालिएरीने पुढे मोझार्टच्या धाकट्या मुलाला शिकवलं.

दफनाचं सांगायचं तर सम्राट दुसऱ्या जोसेफने शहराबाहेरची दफनभूमी आणि साधे अंत्यविधी यांचे नियम केले होते. डिसेंबर १७९१ मध्ये मोझार्टचे विधी झाले ते तिसऱ्या श्रेणीचे, व्हिएन्नातल्या बहुतेक मध्यमवर्गीयांचे व्हायचे तसे. कबरीवर दगड नाही, काही वर्षांनी जागा पुन्हा वापरात, ही तिथली रीतच होती. अंत्ययात्रेतलं ते प्रसिद्ध वादळही टिकत नाही, कारण त्या दिवसांत हवा सौम्य होती अशी नोंद एका समकालीन सरदाराच्या रोजनिशीत आहे.

मग पैशांची ओढाताण खोटी का? तीही खरी. मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली. त्याआधी त्याने वडिलांना चिडून लिहिलं होतं की जेवणाच्या टेबलावर खासगी नोकर माझ्या वर बसतात, निदान आचाऱ्यांच्या वर तरी मला जागा आहे! नोकरी सुटली ती आर्चबिशपच्या अधिकाऱ्याची लाथ खाऊन. त्यानंतर शिकवण्या, ऑपेरा आणि आगाऊ वर्गणीच्या मैफली यांवर त्याने बरी कमाई केली. १७८४ मध्ये त्याने वडिलांना १७४ वर्गणीदारांची यादी पाठवली होती. १७८८ मध्ये ऑस्ट्रिया तुर्कांविरुद्ध युद्धात उतरला, बरेच सरदार व्हिएन्ना सोडून गेले, मैफली आटल्या, आणि पुखबर्ग नावाच्या व्यापारी मित्राकडे उसनवारीची पत्रं सुरू झाली. सम्राटाकडून वर्षाला ८०० फ्लोरिन मिळत होते, तरीही.

सरदार गेले, मध्यमवर्ग आला

इतकं सरळ झालं नाही. त्या १७४ नावांत सरदार-उमरावच जास्त होते. लंडनची गोष्ट निराळी. तिथे तिकीट काढून येणारा श्रोता होता, म्हणून १७९१ मध्ये मैफली भरवणारा व्हायोलिनवादक सालोमोन हायडनला तिथे घेऊन गेला. व्हिएन्नात मात्र ‘स्वतंत्र’ बेथोव्हेनलाही १८०९ मध्ये आर्चड्यूक रुडॉल्फ, लोबकोविट्स आणि किन्स्की या तिघा उमरावांनी वर्षाला ४००० फ्लोरिन कबूल केले, अट एवढीच की त्याने ऑस्ट्रिया सोडायचा नाही. १८११ मध्ये चलनाची किंमत कोसळली, पुढच्या वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून मेला, आणि थकलेल्या रकमांसाठी बेथोव्हेन वारसांच्या मागे लागला.

हे सगळं युरोपाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, असंही समजू नका. बेथोव्हेन व्हिएन्नात असताना तंजावरच्या मराठी गादीवर दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) होते, आणि त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता.

टोपणनावांवर विसंबणं

‘मूनलाइट’ या पियानो सोनाटाला हे नाव बेथोव्हेनने दिलेलं नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर चिकटलं. मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिम्फनीचं नावही त्याने दिलेलं नाही. नावात चंद्र बघून संगीतात चांदणं शोधत बसू नका. शोधताना क्रमांक वापरा: मोझार्टसाठी कोखेलच्या १८६२ च्या सूचीतला ‘के.’ (४० वी सिम्फनी म्हणजे के. ५५०), बेथोव्हेनसाठी ओपस, म्हणजे रचनेचा क्रमांक. आणि मोझार्टचा पियानो लाकडी चौकटीचा, जेमतेम पाच सप्तकांचा होता. एखादा पियानो कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) त्या जातीच्या जुन्या पियानोवर, म्हणजे फोर्टेपियानोवरही ऐका, वाद्यवृंदाशी त्याची झुंज वेगळीच लागते.

टाळ्यांचा घोळ

भागांच्या मधल्या शांततेला ‘मूळ परंपरा’ म्हणू नका. १७७८ मध्ये पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिम्फनीला पहिला भाग चालू असतानाच टाळ्या पडल्या. ती जागा लोकांना आवडणार हे हेरूनच त्याने ती शेवटाकडे पुन्हा आणली होती. खूश होऊन तो नंतर आइस्क्रीम खायला गेला, असं त्यानेच घरी कळवलंय. आपल्या बैठकीत समेवर दाद देणाऱ्याला हे लगेच पटेल. पण मुंबईत एनसीपीएला जाल तेव्हा तिथली आजची रीत पाळा: पहिला भाग संपला म्हणून टाळी नको, कंडक्टर हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळला की खुशाल वाजवा.