‘प्रेस’ शब्दाचं मूळ कसं शोधायचं

नाशिकरोडला ‘पोरगा प्रेसमध्ये लागला’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. इथली प्रेस म्हणजे १९२५ची इंडिया सिक्युरिटी प्रेस, नाहीतर १९२८ची करन्सी नोट प्रेस. माझ्या इंग्रजीच्या वर्गात व्युत्पत्ती शिकवायला मी मुद्दाम हाच शब्द घेते, मुलांना तो घरातूनच ओळखीचा असतो.

आधी कोश उघडू नका. शब्द कुठे कुठे ऐकलात ते वहीत लिहा. नोटांची प्रेस, पत्रकारांची प्रेस, कपडे प्रेस करणं, बटण प्रेस करणं, वाइनरीत द्राक्षांचा रस काढायची प्रेस. या सगळ्यांत कोणती क्रिया आहे? बहुतेक मुलं ‘दाबणं’पर्यंत आपली आपण पोचतात, आणि तो क्षण मला फार आवडतो.

आता कोश. मेरियम-वेबस्टर इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली व्युत्पत्तीची नोंद जवळच्या भाषेपासून लांबच्या, जुन्या भाषेपर्यंत अशी वाचत जा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन ‘प्रेमेरे’, म्हणजे दाबणे. ‘प्रिंट’ही त्याच धातूचा.

खरी गंमत अर्थांच्या क्रमात आहे. युरोपात द्राक्षं पिळायला स्क्रूची प्रेस होतीच. १४५०च्या सुमारास माइन्झ शहरात गुटेनबर्गने त्याच तत्त्वावर शाई लावलेल्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, कागद दाबला. मग यंत्राचं नाव छापखान्याला मिळालं, छापखान्याचं वर्तमानपत्रांना, आणि शेवटी ती लिहिणाऱ्या माणसांना. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली वाइनरी आणि नोटांचा कारखाना एकाच यंत्राच्या दोन शाखा चालवतात!

उच्चारावर मात्र विसंबू नका. ‘एक्स्प्रेस’ याच घराण्यातला, मुळात ‘दाबून बाहेर काढणं’. ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी, तिचं मूळ लॅटिन ‘इम्पेरातोर’. ब्रिटिश आरमारासाठी माणसं जबरदस्तीने पकडणाऱ्या ‘प्रेस-गँग’मधला प्रेसही वेगळा, तो भरतीच्या वेळी हातावर ठेवायच्या आगाऊ रकमेच्या नावावरून आलेला. एकाच स्पेलिंगच्या दोन शब्दांना कोशात वेगळे क्रमांक असतात, ते आधी बघा.

सरावाला ‘नोट’ घ्या. लॅटिन ‘नोता’ म्हणजे खूण. वहीतली नोट, गाण्यातली नोट आणि प्रेसमध्ये छापलेली नोट त्या खुणेपर्यंत कशा पोचतात, ते कोशात शोधून काढा.