‘द बेअर’चा भाग बघून झाल्यावर त्यावर बोलायचं कसं

‘द बेअर’ ही शिकागोतल्या एका सँडविचच्या दुकानाच्या किचनमध्ये घडणारी अमेरिकी मालिका. तिचा एखादा भाग संपला की बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: छातीत धडधडत होतं, मध्येच बंद करावंसं वाटलं. मलाही तसंच होतं. पण धडधड सगळ्यांचीच होते, त्यामुळे तिच्यावर गप्पा फार पुढे जात नाहीत. मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये गरम सेक्शनला, म्हणजे शेगडीपाशी, उभी राहिले आहे आणि या मालिकेवर माझा जीव आहे. चाहत्यांच्या बोलण्यात शिकागोच्या त्या किचनमधली माणसं हरवतात, नुसता आरडाओरडा उरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझी पद्धत सांगते. पहिल्या तीन सीझनमधल्या घटना पुढे उघड होणार आहेत. ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांनी आधी ती पाहावी.

पहिल्या वेळी फक्त बघा. फोन हातात नको, मध्ये कोणाला मेसेज नको. दुसऱ्या वेळी आवाज अगदी कमी करा आणि चेहऱ्यांऐवजी हात बघा. कोणाचं चिरणं अर्धवट राहिलं, कोण रिकाम्या हाताने फिरतंय, कोणता डबा संपत आलाय, हे दिसायला लागतं. संवादांनी जे झाकून टाकलेलं असतं ते इथे उघडं पडतं.

सरावासाठी पहिल्या सीझनमधला सातवा भाग घ्या, ‘रिव्ह्यू’. जेमतेम २० मिनिटांचा आहे आणि त्यातला बहुतेक भाग कॅमेरा न तोडता एका सलग शॉटमध्ये घेतलाय. वर्तमानपत्रात दुकानातली तरुण शेफ सिडनी हिच्या रिसोटोचं (इटालियन भाताच्या पदार्थाचं) कौतुक छापून आलंय आणि त्याच दिवशी पार्सलच्या ऑर्डरी सुरू होतायत. टॅब्लेटवर आगाऊ ऑर्डर घ्यायचा पर्याय सिडनीकडून उघडा राहून गेलाय. दुकान उघडायच्या आधीच प्रिंटरमधून तिकिटं, म्हणजे ऑर्डरीच्या चिठ्ठ्या, निघायला लागतात आणि थांबतच नाहीत. दुकान चालवणारा शेफ कार्मी ओरडत सुटतो, बेकिंग बघणाऱ्या मार्कसचा डोनट खाली पडतो, गडबडीत सिडनीच्या हातातली सुरी दुकानातल्या जुन्या रिचीला लागते आणि शेवटी सिडनी आणि मार्कस दोघंही निघून जातात.

आता कागद घ्या आणि दोनच प्रश्नांची उत्तरं लिहा. गोंधळ नेमका कुठल्या क्षणी सुरू झाला? तो सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आला? चाहत्यांमध्ये इथे दोन तट पडतात: एक म्हणतो चूक सिडनीची, दुसरा म्हणतो कार्मीचं वागणं अक्षम्य. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. उघडा राहिलेला पर्याय ही कामातली चूक आहे, ती दुरुस्त होते. काही तिकिटं रद्द करायची, लोकांना फोन करायचे, उशीर होईल म्हणून सांगायचं. वरच्या माणसाने भर सर्व्हिसमध्ये, ऑर्डरी चालू असताना, कोणाला तरी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं की मात्र ते दुरुस्त करायला हातात काहीच नसतं, कारण त्यानंतर माणसं आपल्याला काय दिसतंय ते सांगायचंच बंद करतात. ज्या किचनमध्ये माणसं बोलायची थांबतात तिथे भाजतं, कापतं, पदार्थ परत येतात. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल. पण ते अशा एका ठरावीक क्षणावर उभं असेल तर समोरच्याला त्यावर बोलता येतं.

किचनची बोली थोडी कानावरून गेलेली असली की बरंच सोपं जातं. ‘बिहाइंड’ आणि ‘कॉर्नर’ हे धक्का लागू नये म्हणूनचे इशारे. ‘हर्ड’ म्हणजे ऐकलं, लक्षात घेतलं. ‘हँड्स’ म्हणजे ताटं तयार आहेत, न्यायला या. ‘ऑल डे’ म्हणजे सगळ्या तिकिटांवर मिळून त्या पदार्थाची एकूण संख्या. एखादा पदार्थ संपला की तो ‘एटी सिक्स’. ‘यस शेफ’ तर चाहत्यांनी इतकं उचललंय की आता प्रत्येक फोटोखाली तेच दिसतं. माझी विनंती आहे, ते थोडं जपून वापरा. फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिएने घालून दिलेली ब्रिगेडची, म्हणजे प्रत्येकाचं काम आणि पद ठरलेलं असण्याची, शिस्त कार्मीला आणि सिडनीला त्या सँडविचच्या दुकानात आणायची असते, पण कार्मी तिथल्या प्रत्येकालाच शेफ म्हणतो. तिथली जुनी स्वयंपाकीण टीना सुरुवातीला सिडनीला जुमानतच नाही. तिच्या तोंडून तो शब्द मानाने निघायला किती वेळ लागतो ते बघा, मग तो लिहा.

काही चाहते जे बघतात ते करून खातात. ही प्रतिक्रिया मला सगळ्यात जास्त आवडते. दुसऱ्या सीझनच्या नवव्या भागात सिडनी कार्मीच्या बहिणीसाठी, नॅटलीसाठी, ऑमलेट करते. करायचं असेल तर अंडी फेटून बारीक गाळणीतून गाळा, म्हणजे पांढऱ्याच्या गाठी राहत नाहीत. पॅनमध्ये लोणी वितळू द्या, लाल होऊ देऊ नका. अंडी ओतली की आच कमी ठेवून सतत हलवा. वरचा थर ओलसर असतानाच हलवणं थांबवा, मधोमध बूर्सां या मऊ, लसणाच्या चवीच्या चीजची रेघ ओढा, गुंडाळी करा आणि ताटात उलटवा. वरून थोडं लोणी, चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) आणि चुरलेले सावर क्रीम-ओनियनचे चिप्स. लोक चिप्सवरच भरभरून लिहितात. पण नॅटली गरोदर आहे, दिवसभर राबतेय आणि तिने काही खाल्लेलं नाही. सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या त्या बाईला कोणीतरी बसवून खाऊ घालतंय. तुम्ही ते ऑमलेट कोणासाठी केलंत आणि त्या माणसाने खाताना काय केलं, तेही लिहा.

ही विनोदी मालिका आहे की नाही, या वादात मी फार वेळ घालवत नाही. सप्टेंबर २०२४ च्या एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात तिला विनोदी विभागात ११ पुरस्कार मिळाले, एका वर्षात कुठल्याही विनोदी मालिकेला मिळालेले तोपर्यंतचे सर्वाधिक. सर्वोत्तम विनोदी मालिकेचा पुरस्कार मात्र त्या वर्षी दुसरीकडे गेला. एवढी माहिती पुरे.

त्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते मालिका दुसऱ्याला सुचवताना सावध राहणं. कार्मीच्या थोरल्या भावाने, मायकीने, आत्महत्या केलेली आहे आणि त्याचं सावट सगळ्या मालिकेवर आहे. दुसऱ्या सीझनमधला ‘फिशेस’ हा भाग तासाभराहून मोठा आहे: नाताळची रात्र, स्वयंपाकघरात पिऊन कोसळत जाणारी आई आणि तिच्याभोवती श्वास रोखून वावरणारी मुलं. ज्यांनी घरात असं काही पाहिलंय त्यांना हे आधी सांगा. ‘जबरदस्त आहे, बघच’ एवढं म्हणून कोणालाही त्या टेबलाशी बसवू नका.

कार्मी आणि सिडनीचं जमावं असं वाटणारे चाहते पुष्कळ आहेत. वाटू द्या, पण कोणत्या दृश्यामुळे तसं वाटलं ते सांगा. ऑमलेटच्याच भागात दोघं टेबलाखाली आडवे होऊन टेबल दुरुस्त करता करता बोलतात. कोणी त्यात प्रेम बघतं. मला दिसतात ते कामातले भागीदार, एकमेकांना कबुली देणारे. असं नातं पडद्यावर इतकं कमी येतं की ते तसंच राहावं असं मला वाटतं.

नापसंतीचंही तेच. २०२४ च्या तिसऱ्या सीझनवर बरेच चाहते नाराज झाले. पहिला भाग ‘टुमॉरो’ जवळजवळ सगळा आठवणींच्या तुकड्यांचा, संवाद अगदी मोजके. ‘कंटाळवाणा झाला’ म्हणून सोडून दिलं तर कोणाच्याच हाती काही लागत नाही. कार्मी रोज मेनू बदलायचा हट्ट धरतो, खर्च फुगतो, सिडनीला गृहीत धरलं जातं आणि हे पुन्हा पुन्हा दाखवूनही गोष्ट पुढे सरकत नाही, असं म्हणा. माझी तक्रार हीच आहे. आणि त्याच सीझनमध्ये ‘नॅपकिन्स’ हा भाग आहे, सिडनी साकारणाऱ्या आयो एडेबिरीने दिग्दर्शित केलेला. नोकरी गेलेली टीना हातात कागद घेऊन दारोदार फिरते आणि शेवटी त्या दुकानात येऊन पोचते. टीना साकारणाऱ्या लिझा कोलोन-झायसचा चेहरा त्या भागात जे करतो त्यासाठी मी अख्ख्या सीझनची तक्रार बाजूला ठेवायला तयार आहे.

ओळखीत कोणी किचनमध्ये काम करणारं असेल तर त्यांच्याशी जरूर बोला. ‘खरंच असं असतं का?’ असं विचारू नका, त्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. मालिकेत खरेपणा आहे हे उघडच आहे. निर्माता ख्रिस्तोफर स्टोररची बहीण कोर्टनी स्वतः शेफ आहे आणि पडद्यावरच्या पदार्थांची बाजू ती बघते. दुरुस्त्या करत फिरणारा फॅक साकारणारा मॅटी मॅथेसन खराखुरा शेफ आहे. तेव्हा असं विचारा: तुझं सेक्शन कोणतं, सर्व्हिसच्या आधी तुम्ही सगळे जेवता का, ‘फोर्क्स’ या भागात रिचीला दिवसभर काटे पुसायला लावतात तसं तुला सुरुवातीला कोणतं काम दिलं होतं? उत्तर लांबेल, लांबू द्या. आणि त्यांच्याबरोबर ‘रिव्ह्यू’ बघायचा बेत असेल तर तो सुट्टीच्या दिवशी ठेवा, ड्यूटी संपवून आल्या आल्या नको.