पुट ऑफ की कॉल ऑफ? फ्रेझल व्हर्ब्जमधला गोंधळ असा सोडवा

मागच्या नोकरीत एकदा मी टीमला मेल टाकला, 'टुडेज मीटिंग इज कॉल्ड ऑफ'. मला म्हणायचं होतं की मीटिंग पुढे ढकललीय, वेळ थोड्या वेळात कळवते. पण सगळ्यांनी मीटिंग रद्दच झाली असं धरलं, दोघं तर घरी निघून गेले, आणि संध्याकाळी क्लायंटसमोर मी एकटीच. हवं होतं 'पुट ऑफ'. तेव्हापासून मी फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे क्रियापदाला ऑफ, अप, इन असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलतो त्या जोड्यांच्या, याद्या पाठ करणं सोडलं आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायला लागले, पुढे काय होतं? पुट ऑफ केलेलं काम पुढे कधीतरी होणार असतं, कॉल ऑफ केलं की विषय संपला.

खरं तर आपल्याला हे अवघड जायला नको, कारण मराठीतही हेच चालतं. दार लावलं म्हणजे बंद केलं आणि दिवा लावला म्हणजे चालू केला, क्रियापद तेच. बोलून टाकलं आणि बोलून बसलो यातला फरक तर आपल्याला कोणी शिकवलेलासुद्धा नाही. तो कान जसा तयार झाला तसाच इथेही करायचा, म्हणजे सुटा शब्द नाही, अख्खं वाक्य लक्षात ठेवायचं.

भाच्याने परवा विचारलं, 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद पडला ना? नाही रे, वाजला! पण 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाइट गेली. आणि ब्रिटिश माणूस 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणाला तर दूध नासलंय. ऑफ म्हणजे बंद हे डोक्यात घट्ट बसलं असेल तर इथे हमखास फसायला होतं, म्हणून आधी कर्ता बघा, अलार्म आहे, लाइट आहे की दूध.

काही चुका आपल्या मराठीतूनच येतात. आपण फॉर्मही भरतो आणि पेट्रोलही भरतो, म्हणून फॉर्मला सर्रास 'फिल अप' म्हणतो. ब्रिटिश लोक फॉर्म 'फिल इन' करतात, अमेरिकन जास्त करून 'फिल आऊट', आणि 'फिल अप' गाडीच्या टाकीसाठी ठेवा. तसंच 'आय पास्ड आऊट इन 2015'. भारतात सगळ्यांना कळतं, आणि खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आऊट परेड तर आपण ऐकलेलीच असते, पण अमेरिकेत इंटरव्ह्यूला असं म्हणालात तर समोरच्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होतात, तिथे सरळ 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' साठी समोर कोणी आहे का ते बघा. सिगरेट सोडली, प्रयत्न सोडला, तर गिव्ह अप. पोराने हट्ट केला आणि शेवटी आपण मोबाईल दिला, ते गिव्ह इन.

आता 'इट' कुठे टाकायचं, हे नीट बघा कारण बोलताना चूक लगेच कानाला लागते. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतं, पण फॅनच्या जागी इट आलं की ते मध्येच बसतं, 'टर्न इट ऑफ'. पुट इट ऑफ, कॉल इट ऑफ, फिल इट इन, सगळे तसेच. लुक वाल्यांचं मात्र बरेचदा उलटं, 'लुक आफ्टर इट', 'लुक फॉर इट', 'लुक इन्टू इट', यांच्यात मध्ये काही घुसत नाही. मूल सांभाळायचं तर आफ्टर, हरवलेली किल्ली शोधायची तर फॉर, तक्रारीची चौकशी करायची तर इन्टू.

आणि मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहायची सवय असेल तर ती आजच मोडा, तिथे 'टू मीटिंग यू' येतं, कारण हा 'टू' 'फॉर' सारखाच आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप लागतं.