लेलँड स्टॅनफर्ड कोण होता? दोन रकाने आखा आणि बघा

स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी सगळ्यांना माहितीये, पण ज्याच्या पैशातून ती उभी राहिली तो माणूस कोण असं विचारलं की सगळे गप्प. त्याच्यावर काही लिहायचं असेल तर जन्म-शिक्षण-मृत्यू असलं निबंधछाप काही करू नका, वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे राजकारण उजवीकडे धंदा, आणि तारखा टाकत चला.

सुरुवात पटकन उरका. १८२४ ला न्यूयॉर्क राज्यात जन्म, वकिली, १८५२ ला विस्कॉन्सिनमध्ये आगीत पुस्तकं जळाली, मग कॅलिफोर्नियात भावांसोबत दुकानदारी, गिऱ्हाईक म्हणजे सोनं शोधणारे.

१८६१ ला मात्र थांबा. उजवीकडे जूनमध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनी (कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे रूळ टाकणारी), अध्यक्ष हाच. डावीकडे त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरची निवडणूक जिंकला, तोही हाच. म्हणजे ८ जानेवारी १८६३ ला राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, रेल्वेच्या कामाचं पहिलं फावडं मारलं ते गव्हर्नरनं की कंपनीच्या अध्यक्षानं, तुम्हीच ठरवा 😄 त्याच वर्षी त्यानं ई. बी. क्रॉकरला राज्याच्या सुप्रीम कोर्टात बसवलं, आणि हा कोण तर रेल्वे कंपनीतला पार्टनर चार्ल्स क्रॉकरचा भाऊ, जो पुढे कंपनीचाच वकील झाला.

पैशाचा हिशोब समासात लिहा. केंद्र सरकार रेल्वेला मैलामागे कर्ज म्हणून बाँड द्यायचं, सपाटीवर १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. आणि राज्याच्या भूगर्भतज्ज्ञानं लिहून दिलं की डोंगर सॅक्रामेंटोपासून साधारण ७ मैलांवरच सुरू होतो. तिथे जमीन चांगली सपाट होती हो!

जागा उरली तर तो काय बोलला आणि काय केलं हेही टाका, कारण १८६२ च्या भाषणात आशियाई लोक इथे नकोत म्हणणाऱ्याचीच रेल्वे नंतर हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून बांधली. १८६९ ला यूटामध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले, तेव्हा शेवटचा सोन्याचा खिळा ठोकायला मात्र स्टॅनफर्ड पुढे.

१८८४ ला पंधरा वर्षांचा एकुलता एक मुलगा टायफॉइडनं गेला, १८८५ ला त्याच्या नावानं युनिव्हर्सिटी काढली आणि त्याच वर्षी साहेब सिनेटर पण झाले.

१८९३ ला तो वारला म्हणून पान बंद करू नका. रेल्वेच्या कर्जापोटी सरकारनं इस्टेटीवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला, बायको जेन लढत राहिली आणि १८९६ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकली, तोपर्यंत युनिव्हर्सिटी तिनंच काटकसरीत ओढली.