आरएफआयडी प्रिंटर सारखा ‘व्हॉइड’ छापत होता तेव्हा

जालन्यात बियाण्यांच्या गोदामात खोक्यांना आरएफआयडी लेबलं, म्हणजे आत चिप असलेली आणि रेडिओ लहरींनी वाचता येणारी लेबलं, लावायचं काम माझ्याकडे आहे. ऐन मृगाच्या तोंडावर नवा रोल चढवला आणि प्रिंटर लागोपाठ ‘व्हॉइड’ छापायला लागला. म्हणजे छपाई चालू, पण आतल्या चिपवर नंबर लिहिलाच जात नाही.

मुकादम म्हणाले, “साहेब, रोलच खराब निघाला बघा.” पुरवठादारावर ढकलणं सोपं होतं. पण एक लेबल उजेडासमोर धरलं, तर चिप जुन्या रोलपेक्षा पुढच्या कडेला सरकलेली दिसली. प्रिंटरमधला अँटेना काही जागचा हलत नाही. चिप नेमकी त्याच्यासमोर आली तरच लिहिलं जातं.

आधी साधं मीडिया कॅलिब्रेशन केलं, त्यानं दोन लेबलांमधली फट सेन्सरला कळते. मग मेनूतून आरएफआयडी कॅलिब्रेशन. त्यात प्रिंटर लेबल थोडं थोडं सरकवत चिपची जागा आणि लागणारी पॉवर शोधतो. व्हॉइड थांबले.

पॉवर आपल्या मनानं वाढवू नका. जास्त झाली की शेजारच्या लेबलवर नंबर जाऊ शकतो, आणि ते निस्तरणं महाकठीण, कारण वरून काहीच कळत नाही. छापलेला नि चिपमधला नंबर हातातल्या रीडरनं ताडून बघावा. चिपमधल्या या नंबराला ईपीसी म्हणतात; 96 बिटांच्या ईपीसीत हेक्साडेसिमलची (0 ते 9 आणि A ते F) 24 अक्षरं बसतात.

आणखी एक, ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटावर साधं लेबल वाचलं जात नाही. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावरच लावतो.