इंग्लंडच्या उन्हाळ्यातली कसोटी नोकरी सांभाळून बघायची तर

तिकडे सकाळी 11 वाजता पहिला चेंडू पडतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. ऑफिस ऐन भरात. म्हणून पहिलं सत्र सरळ सोडून द्यायचं. मोबाईलवर स्कोअर बघत राहिलं की कामही होत नाही आणि मॅचही बघितल्यासारखी वाटत नाही.

साडेपाचला लंच होतो, 40 मिनिटांचा. तेवढ्यात घरी पोचलात तर सहा दहाला दुसरं सत्र. चहापान आठ दहाला, 20 मिनिटं. जेवण तेव्हाच उरकायचं, ताटं वाढून तयार हवीत. आमच्याकडे कसोटीच्या दिवसांत हमखास मुगाची खिचडी असते, त्याचं कारण हेच.

खरी गंमत शेवटच्या सत्रात. डाव त्याच दिवशी सुरू झाला असेल आणि टिकला असेल, तर 80 षटकं भरून दुसरा नवा चेंडू रात्री दहाच्या आसपास येतो. नेमकं तेव्हा झोपू नका. षटकं मागे पडली की खेळ अकरापर्यंत लांबतो, त्यामुळे पहाटेचा गजर त्या आठवड्यात जरा पुढे ढकला.

रजा एकच असेल तर पाचव्या दिवसासाठी राखून ठेवा. 4 ऑगस्ट 2025, ओव्हल, सोमवार: इंग्लंडला 35 धावा हव्या, आपल्याला चार बळी. सिराजने सगळं तासाभरातच संपवलं, सहा धावांनी. साडेतीनच्या मीटिंगमध्ये अडकलेल्यांना नंतर फक्त हायलाइट्स मिळाले.